नाळेतील रक्त आणि झिजणारे स्नायू : होकार देण्यापूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

स्नायूंचा क्रमाक्रमाने क्षय घडवून आणणाऱ्या अनेक आनुवंशिक आजारांना मिळून मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हटले जाते. त्यांपैकी मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा आणि झपाट्याने वाढणारा प्रकार ड्युशेन या नावाने ओळखला जातो. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूल वारंवार पडू लागते, चवड्यांवर चालते, जिना चढताना कठडा धरते आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहते; पोटऱ्या मात्र टणक आणि भरलेल्या दिसत असल्यामुळे घरच्यांना ते बाळसेदारच वाटत राहते. निदान झाल्यानंतर ज्या अनेक उपायांची नावे पालकांच्या कानांवर येतात, त्यांत नाळेतील रक्तातून मिळणाऱ्या मूलपेशींचे, म्हणजेच 'स्टेम सेल'चे, नाव हमखास असते. हा उपाय घ्यावा की नाही, याचा निर्णय भावनेवर किंवा जाहिरातीवर न सोडता चार साध्या प्रश्नांवर ठरवता येतो : पेशी कोणत्या, त्या कोणाच्या, त्या स्नायूपर्यंत कोणत्या वाटेने जाणार, आणि तेथे पोहोचल्यावर नेमके काय करणार.

या प्रश्नांची उत्तरे समजण्यासाठी आधी बिघाड कोठे आहे हे पाहावे लागते. स्नायूचा प्रत्येक तंतू आकुंचन पावताना त्याच्या पातळ आवरणावर ताण येतो, आणि हा ताण झेलण्यासाठी आवरणाच्या आतल्या बाजूस डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन एखाद्या आधारदोरीसारखे बांधलेले असते. हे प्रथिन तयार करण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते ते जनुक एक्स गुणसूत्रावर असून, सुमारे बावीस लाख अक्षरांचे आणि ७९ खंडांचे ते मानवी शरीरातील सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक आहे. एवढ्या लांबलचक मजकुरात चूक होण्याची शक्यताही तेवढीच मोठी असते. बोस्टन येथील लुई कुंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ च्या सुमारास हे जनुक आणि त्याचे प्रथिन शोधून काढले. मुलग्याजवळ एक्स गुणसूत्र एकच असल्यामुळे ते सदोष निघाल्यास बदली प्रत उरत नाही, डिस्ट्रॉफिन तयार होत नाही, तंतूंची आवरणे वापराने फाटत राहतात आणि आतील क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात झिरपते. डॉक्टर ज्याला 'सीके' म्हणतात तो रक्तातील आकडा या मुलांमध्ये सामान्यापेक्षा दहापटींपासून शंभरपटींपर्यंत चढलेला आढळतो, त्याचे कारण हेच. तंतूलगत झोपलेल्या अवस्थेत राहणाऱ्या उपग्रह पेशी जागृत होऊन ही झीज काही काळ भरून काढतात. परंतु त्यांच्यातही तोच जनुकदोष असल्यामुळे नवा तंतूही तितकाच नाजूक निघतो, आणि हळूहळू स्नायूची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात.

आता पहिला प्रश्न. प्रसूतीनंतर नाळ कापल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त उरते, त्यात रक्त घडवणाऱ्या मूलपेशी भरपूर असतात, आणि या पेशींची उपयुक्तता निर्विवाद आहे. १९८८ मध्ये पॅरिस येथील सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया या रक्तविकाराने ग्रस्त असलेल्या पाच वर्षांच्या मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन त्या प्रकारचे पहिले प्रत्यारोपण केले, ते यशस्वी झाले, आणि तेव्हापासून रक्ताच्या कर्करोगात, काही रक्तदोषांत व प्रतिकारशक्तीच्या जन्मजात अभावात ही पद्धत जगभर रुळली. मात्र या सर्व आजारांत बिघाड रक्त घडवणाऱ्या पेशींत असतो, म्हणून रक्त घडवणाऱ्या पेशी बदलल्या की मुळावर घाव बसतो. ड्युशेनमध्ये बिघाड स्नायुतंतूत आहे. स्नायू, हाडे, कूर्चा यांच्या दिशेने वळू शकणाऱ्या आधारऊतीय मूलपेशी नाळेच्या रक्तात अगदी थोड्या असतात, तर नाळेच्या भिंतीतील जेलीसारख्या भागात त्या विपुल असतात. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील संशोधकांनी २००८ मध्ये दहा नाळा आणि त्यांतील रक्त यांची तुलना केली, तेव्हा नाळेच्या ऊतीतून दहाही नमुन्यांत अशा पेशी वाढवता आल्या, तर रक्तातून केवळ एका नमुन्यात. नाळेचे रक्त आणि नाळेची ऊती हे दोन शब्द माहितीपत्रकात एकाच वाक्यात येत असतील, तर एवढ्यावरूनच सावध व्हावे.

दुसरा प्रश्न, पेशी कोणाच्या, हा विशेषतः ज्यांनी मुलाच्या जन्माच्या वेळी त्याच्या नाळेचे रक्त साठवून ठेवले आहे त्यांच्यासाठी कळीचा आहे. त्या रक्तातील प्रत्येक पेशीत मुलाच्या स्नायूंत असलेला तोच जनुकदोष असतो. त्या पेशींपासून स्नायू जरी तयार झाला तरी त्यात डिस्ट्रॉफिन नसणार. दात्याच्या, म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या, पेशींत जनुक निर्दोष असते, पण मग शरीर त्यांना परके मानते. त्या टिकवायच्या तर ऊतिवर्गाची जुळणी हवी, रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा तीव्र औषधांनी नष्ट करायला हवी आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला हवी. यात जंतुसंसर्गाने दगावण्याचा आणि दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करण्याचा धोका असतो. जीवघेण्या रक्तविकारात हा धोका पत्करणे समर्थनीय ठरते, कारण लाभाची शक्यता सिद्ध झालेली आहे. अशी पूर्वतयारी न करता केवळ शिरेतून परक्या पेशी सोडल्यास त्या कायमच्या रुजत नाहीत, आणि तरीही 'काही दुष्परिणाम होत नाहीत' असे अभिमानाने सांगितले जाते, हे विसंगत आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांचे उत्तर प्रयोगशाळेत गेली तीन दशके शोधले जात आहे, आणि तो इतिहास पालकांनी माहीत करून घेण्याजोगा आहे, कारण आशेचा उगम तेथेच झाला. १९९८ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञांनी दाखवले की उंदराला दिलेल्या अस्थिमज्जेतील काही पेशी जखमी स्नायूत जाऊन नव्या तंतूंत मिसळतात. पुढच्याच वर्षी डिस्ट्रॉफिनरहित उंदरांत असे प्रत्यारोपण केल्यावर काही तंतूंत हे प्रथिन पुन्हा दिसू लागल्याचे बोस्टनमधून प्रसिद्ध झाले, आणि रक्ताच्या मूलपेशींनी स्नायू दुरुस्त होतील हा विचार रूढ झाला. निसर्गाने मग जणू स्वतःच प्रयोग करून ठेवला होता : एका मुलाला प्रतिकारशक्तीच्या जन्मजात अभावासाठी वयाच्या पहिल्या वर्षी अस्थिमज्जा दिली गेली होती, आणि पुढे त्याच मुलाला ड्युशेन असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या स्नायूचा तुकडा तपासला तेव्हा दात्याच्या पेशींची केंद्रके स्नायुतंतूंत खरोखरच आढळली. परंतु त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीचा अर्थ असा की ही वाट अस्तित्वात आहे, पण ती इतकी अरुंद आहे की तिच्यावरून स्नायूंची डागडुजी करण्याइतका माल जात नाही. २००४ मध्ये ड्युशेनसदृश आजार असलेल्या कुत्र्यांत मूलपेशींचे प्रत्यारोपण केले गेले; रक्त पूर्णपणे दात्याचे झाले, डिस्ट्रॉफिन मात्र परतले नाही. कुत्र्याचा आजार उंदराच्या आजारापेक्षा माणसाच्या आजाराला अधिक जवळचा असल्यामुळे या निष्कर्षाला वजन आहे.

नाळेतील रक्ताचा माणसावरील वापरही झालेला आहे. चीनमधील ग्वांगझू येथील डॉक्टरांनी २००५ मध्ये एका ड्युशेनग्रस्त मुलावर दात्याच्या नाळेतील रक्ताचे प्रत्यारोपण केल्याची आणि नंतर त्याच्या स्नायूत काही डिस्ट्रॉफिनयुक्त तंतू दिसल्याची नोंद केली. एका रुग्णाच्या अशा नोंदीला संशोधनात प्रारंभिक निरीक्षणाचे स्थान असते. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे तिच्यावरून उपचार ठरवता येत नाही. स्नायूत थेट पेशी टोचण्याचा मार्गही जुनाच आहे. अमेरिकेत जेरी मेंडेल यांच्या गटाने बारा मुलांच्या दंडाच्या स्नायूत दात्याच्या स्नायुजनक पेशी सहा महिने दरमहा टोचल्या आणि दुसरा दंड तुलनेसाठी ठेवला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन्ही दंडांच्या ताकदीत फरक पडला नाही. येथे वापरलेल्या पेशी तर स्नायूच घडवणाऱ्या होत्या. त्या टोचलेल्या जागेपासून फार दूर सरकत नाहीत आणि बहुसंख्य लवकर मरतात, हे पुढे स्पष्ट झाले. पायाचे, पाठीचे, छातीचे, श्वासपटलाचे असे शेकडो स्नायू आणि शिवाय हृदय सुईने गाठणे शक्य नाही, ही अडचण कोणत्याही पेशीला लागू आहे.

काही ठिकाणी पेशी पाठीच्या कण्यातील पाण्यात सोडल्या जातात. हा मार्ग मेंदू व मज्जारज्जूच्या विकारांसाठी कल्पिलेला आहे. ड्युशेनचे दुखणे स्नायूत असताना तो का निवडला, याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.

पेशी स्वतः स्नायू बनत नसल्या तरी त्या दाह कमी करणारे रासायनिक संदेश सोडतात, असे उत्तर हल्ली अधिक ऐकू येते, आणि ते सर्वस्वी निराधार नाही. दात्याच्या हृदयातून वाढवलेल्या पेशी तीन-तीन महिन्यांनी शिरेतून देण्याची एक चाचणी अमेरिकेत झाली. वीस रुग्णांवरील तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले आणि हाताच्या कार्याची घसरण मंदावल्याचे त्यांत दिसले. परंतु त्या पेशी हृदयातील आहेत, नाळेच्या रक्तातील नव्हेत. एका पेशीचा निकाल दुसऱ्या पेशीच्या नावावर खपवणे म्हणजे हापूसच्या भावात रायवळ विकणे होय.

एवढे असूनही 'आमच्या मुलात फरक पडला' असे सांगणारे पालक भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. ड्युशेनच्या मुलाची क्षमता साधारण सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत आजार असूनही वाढत असते, कारण वाढीचा वेग झिजेच्या वेगापेक्षा तोपर्यंत जास्त असतो. पाचव्या वर्षी कोणतेही इंजेक्शन घेतलेले मूल सहाव्या वर्षी अधिक चालत असेल, तर श्रेय इंजेक्शनला जाते. उपचाराबरोबर रोज तासन्‌तास व्यायाम सुरू होतो, कधी स्टेरॉइडही सुरू होते, आणि त्यांचा गुण मूलपेशींच्या खात्यावर जमा होतो. सर्वांत फसवा पुरावा सीकेचा. आजार पुढे सरकतो तसा झिजण्यासाठी स्नायूच कमी उरतो आणि सीके आपोआप उतरतो. म्हणजे उतरलेला आकडा सुधारणेचे नव्हे, तर बहुधा ऱ्हासाचेच चिन्ह असतो. कार्यक्षमता मोजण्यासाठी सतरा कृतींची, एकूण ३४ गुणांची नॉर्थ स्टार मोजपट्टी वापरली जाते. सहा मिनिटांत चाललेले अंतर आणि जमिनीवरून उठण्यास लागणारे सेकंद मोजले जातात. आणि ही मोजणी ज्याला उपचार कोणता दिला हे माहीत नाही अशा व्यक्तीने केलेली असावी लागते. भ्रमणध्वनीवरील चित्रफीत हा पुरावा नव्हे.

भारतातील नियम या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठी होणारे रक्त-मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य कोणताही वापर नियमित उपचार म्हणून करता येत नाही. तो मान्यताप्राप्त चाचणीतच करावयाचा असतो. अशी प्रत्येक चाचणी भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवणे २००९ पासून बंधनकारक असून ती नोंद कोणालाही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. म्हणून पालकांनी नोंदणी क्रमांक मागावा, घरी येऊन तो स्वतः तपासावा, आणि नोंदीत रुग्णालयाचे नाव, आजार, पेशींचा प्रकार व मुलाचा वयोगट जुळतो की नाही हे पाहावे. नीतिसमितीची मान्यता आणि मराठीतील संमतिपत्र मागून घ्यावे. चाचणीतील प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास २०१९ च्या नियमांनुसार भरपाई देय असते. सबब लाखांचे अंदाजपत्रक हातात ठेवून 'हे संशोधन आहे' म्हणणाऱ्याकडून एकतर संशोधन होत नाही किंवा नियम पाळले जात नाहीत.

नाळेचे रक्त साठवणाऱ्या खासगी पेढ्यांचाही विचार येथेच करावा लागतो, कारण एका मुलाला ड्युशेन असलेल्या घरी दुसरे अपत्य येणार असते तेव्हा प्रतिनिधींचे फोन वाढतात. स्वतःचेच साठवलेले रक्त पहिल्या वीस वर्षांत उपयोगी पडण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्क्यांच्या दरम्यान मानली जाते, आणि परिषदेने अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. नाळेची ऊती, वार, दाताचा गर इत्यादींच्या व्यावसायिक साठवणुकीला तर वरील तत्त्वांनुसार परवानगीच नाही. भावंडाला थॅलेसीमियासारखा, प्रत्यारोपणाने बरा होणारा रक्तविकार असेल तर गोष्ट वेगळी. ड्युशेन त्या यादीत बसत नाही.

धोक्यांपैकी एकाचा उल्लेख माहितीपत्रकांत सहसा नसतो, म्हणून तो येथे ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. अस्थिमज्जा काढताना किंवा कण्यात सुई घालताना लहान मुलाला भूल द्यावी लागते. ड्युशेनमध्ये सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारे औषध दिल्यास रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढून हृदय थांबू शकते, आणि श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भुलीच्या वायूंनीही स्नायू अकस्मात विघटित होऊ शकतात. त्यामुळे कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, मग ती दातांची का असेना, भूलतज्ज्ञास निदान लेखी कळवावे आणि हृदयाची व श्वसनाची तपासणी आधी करून घ्यावी.

मग करावे काय? सर्वप्रथम जनुकीय निदान पूर्ण करावे. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत जनुकाचे एक वा अधिक खंड गळालेले असतात आणि एमएलपीए नावाच्या रक्तचाचणीत ते कळते. त्यात काही न आढळल्यास जनुकाचे संपूर्ण वाचन करावे लागते. नेमका कोणता खंड गेला आहे हे माहीत असल्याखेरीज खंड ओलांडून प्रथिन तयार करवणारी नवी औषधे मुलाला लागू आहेत की नाहीत हे ठरत नाही. ही औषधे अमेरिकेत २०१६ पासून मंजूर होत आली असली तरी ती अतिशय महाग आहेत आणि त्यांचा लाभ मर्यादित आहे. जनुकोपचारालाही तेथे २०२३ मध्ये मान्यता मिळाली, परंतु चालणे थांबलेल्या दोन मुलांचा त्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. नवे ते सुरक्षित असे समजण्याची घाई येथेही नको.

आयुष्य लांबवण्याचे सिद्ध झालेले उपाय दिसायला साधे आहेत. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकोर्ट या स्टेरॉइडमुळे चालण्याचा काळ लांबतो आणि पाठीचा कणा वाकणे मागे पडते. वजन, हाडे, डोळे आणि उंची यांवर त्यांचे परिणाम होतात, म्हणून ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यावीत, पण एकाएकी कधीही बंद करू नयेत, कारण शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती तोवर थंडावलेली असते. मूलपेशी केंद्रात जाण्यासाठी कोणी ती थांबवण्यास सांगितल्यास ते मानू नये. हृदयाची तपासणी निदानापासून दरवर्षी व्हावी आणि हृदयरक्षक औषधे साधारण दहाव्या वर्षापासून, लक्षणांची वाट न पाहता, सुरू करावीत. घोट्याचे सांधे आखडू नयेत म्हणून रोज ताण देण्याचे व्यायाम आणि रात्री आधारपट्ट्या वापराव्यात; वजने उचलणे आणि जिना वारंवार उतरणे टाळावे, कारण ताणलेल्या अवस्थेत काम करणारा स्नायू सर्वाधिक फाटतो. चालणे थांबल्यावर श्वसनक्षमता मोजत राहावी, खोकला काढणारे यंत्र आणि रात्री मुखवट्यातून हवा देणारे यंत्र वेळेवर घ्यावे. एका मूलपेशी केंद्राच्या अंदाजपत्रकात ही दोन्ही यंत्रे आणि काही वर्षांचा व्यायामोपचार सहज बसतो, हे गणित पालकांनी एकदा कागदावर मांडावे.

आईची वाहक तपासणी टाळू नये. सुमारे दोन-तृतीयांश मुलांमध्ये दोष आईकडून आलेला असतो, आणि अशा मातेच्या मावस नात्यांतही तो असू शकतो. पुढील गर्भारपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन निदान करता येते. गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांच्या निदानाला नोंदणीकृत केंद्रात मुभा देतो. आईच्या रक्तात दोष न आढळला तरी तो तिच्या काही बीजपेशींत दडलेला असू शकतो, त्यामुळे गर्भाची ही तपासणी अशा वेळीही करून घ्यावी. घरात दोष शोधण्याऐवजी सुनेवर दोष ठेवण्याची रीत अजून संपलेली नाही. जनुकदोष कोणी निवडून घेत नाही आणि एक-तृतीयांश मुलांत तो प्रथमच उद्भवलेला असतो, हे वडीलधाऱ्यांना डॉक्टरांकडूनच समजावून सांगितलेले बरे.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत समाविष्ट असल्यामुळे ओळखपत्र वेळेवर काढावे. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ड्युशेनचा समावेश आहे, आणि त्याखाली नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईतील केईएम रुग्णालयात आहे. मुलाचा जनुकीय अहवाल, सीकेचे जुने आकडे आणि हृदयाचे अहवाल एका धारिकेत लावून तेथे, किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मज्जातंतुविकार विभागात, नाव नोंदवावे. उद्या खरी चाचणी सुरू झाली तर मुले अशाच नोंदींतून निवडली जातात, आणि अन्यत्र घेतलेला मूलपेशींचा उपचार हे अनेकदा त्या चाचणीतून वगळले जाण्याचे कारण ठरते.